डेबऱ्या हाताचा कासरा

आमच्या गावात दोर वळता न येणारा बाप्या एकच होता, आणि तो नेमका माझा बाप. तसा पूर्वी यायचा, चांगला यायचा. पण एका हिवाळ्यात बैल उधळला, कासऱ्याचा वेढा बाबांच्या उजव्या हातावर बसला आणि अंगठा अन् त्याच्या शेजारचं बोट दोन्ही घेऊन गेला. उरलेल्या तीन बोटांनी ते वखर धरायचे, पेरणी करायचे, आम्हा पोरींचे कानही पिळायचे. पण वाखाला पीळ घालायला अंगठा लागतो. त्याला इलाज नाही.

वाख म्हणजे अंबाडीचा. अंबाडीच्या पानांची भाजी होते, बोंडांची चटणी होते, आणि आमच्या तोंडातून जी वाचते तिच्या काड्या नाल्यात कुजवून सोलल्या की वाख निघतो. त्याचे दोर. वर्षभर बैलाला कसलाही दोर चालतो हो, पण पोळ्याला त्याच्या अंगावर नवा दोर चढतो आणि तो घरातल्याच माणसानं वळलेला पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. दारव्ह्याच्या बाजारात दोराचे ढीग पडलेले असायचे. पण विकतचा दोर लावून पोळ्यात बैल नेणाऱ्याची धडगत नसे. बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात, यमक जुळवून एकमेकांना काढलेले चिमटेच ते. एकदा एकानं बाजारचा दोर लावला, तर त्याच्यावरची झडती त्याच्या नातवाच्या लग्नापर्यंत गावाला पाठ होती.

म्हणून दरसाल पोळ्याच्या आदल्या दिवशी मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, नवा कासरा घेऊन आमच्या घरी यायचे. वाईट एक शब्द बोलायचे नाहीत, हीच तर पंचाईत! वाईट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. "ठेव गा," म्हणायचे, "बोटं गेली त गेली, भाऊ त हाये ना तुले." आणि दुसऱ्या दिवशी तोरणाखाली आमच्या बैलांजवळ येऊन चार जणांना दोर चाचपायला लावायचे. "पाह्य, कसा आवळ पीळ हाये. माह्या हातचा हाये." बाबा हसायचे. ते हसणं मला कधीच आवडलं नाही. घरी आल्यावर बैलांना पुरणपोळी चारायचे आणि स्वतः अर्ध्या ताटावरून उठायचे. माय म्हणायची, "एक पोरगा असता त..." आणि आम्हा तिघी बहिणींकडे पाहून वाक्य तिथंच सोडून द्यायची. मी थोरली. त्यामुळे ते वाक्य पहिल्यांदा माझ्याच अंगावर पडायचं.

आम्हाला मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात टाकलं, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात गावात सरकारी विकास ब्लॉकचा वर्ग आला. दोर, सुतळी, शिंकी, बैलांची मुस्की असं वाखाचं सगळं काम महिनाभर शाळेच्या पडवीत शिकवणार होते. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दोर वळायला शिकवावं लागतं, हे सरकारला कोणी सांगितलं देव जाणे! वीस नावं पाहिजे होती. एकोणीस भरली, आणि सगळी अशा लोकांची की ज्यांना डोळे मिटून दोर वळता यायचा. शिकणाऱ्याला वाख फुकट होता ना! मोठ्या बाबांचं नाव तर पहिलंच. विसावं नाव काही केल्या मिळेना, तेव्हा मी ग्रामसेवकाला म्हटलं, "माहं लिहा."

"पोरीचं?"

"काहून? पोरीले हात नसतात का?"

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि माझी जीभ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती. ग्रामसेवकानं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "लिहा." घरी येताना वाटेत त्यांनी विचारलं, "कायले व हे?" मी म्हटलं, "यंदाचा कासरा मी वळतो. मोठ्या बाबाले सांगून देजा, यंदा येऊ नोका म्हणा." घरी पोचल्यावर बाबांनी मला खायला शेंगा आणून दिल्या, आणि बाबा काही कारण नसताना शेंगा देणारे नव्हते. मला एवढंच पाहिजे होतं, की यंदा तोरणाखाली आमच्या बैलांना आमच्या घरचा दोर असावा. बस्स.

मी डेबरी होते. म्हणजे डावखुरी. शाळेत चौथीपर्यंत पट्ट्या खाऊन लिहिण्यापुरता उजवा हात शिकला. बाकी सगळा संसार डाव्याचा. गावाला हे माहीत होतं. वर्गाच्या गुरुजींना माहीत नव्हतं, आणि मी कशाला सांगू?

गुरुजी पुण्याकडचे. 'मला', 'तुला' इतकं स्वच्छ बोलायचे की ते बोलून राहिले की पाठ म्हणून राहिले ते आम्हाला कळत नसे. त्यांच्याबरोबर एक लाकडी यंत्र होतं. एक चाक, त्याला मूठ, पुढं आकडा. आकड्याला वाखाचे पेड अडकवायचे आणि मूठ फिरवायची, की दोर आवळत जातो. गुरुजींचा त्या यंत्रावर भारी जीव. रोज सकाळी त्याला तेल घालायचे आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'शास्त्रीय पद्धत' म्हणायचे. म्हातारी माणसं माना डोलवायची आणि हात आपल्याच पद्धतीनं चालवायची.

एकोणिसांत एक बाई होती, नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्याची नायकीण. तांड्याच्या पुढाऱ्याला नायक म्हणतात, त्याची ही बायको. हातभर पांढऱ्या बांगड्या, आरशांची काचोळी, आणि बोलणं असं रोखठोक की गुरुजी तिच्यापुढं आवाज उतरवून बोलायचे. तिच्या सासऱ्याच्या काळापर्यंत ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिरायची. आता आमच्यासारखीच कापूस अन् तूर पेरत होती. तिला दोराचं काय शिकायचं होतं? काहीच नाही. "चाक पाहाले आली," म्हणायची.

चौथ्या दिवशी गुरुजींनी तिघांचा मिळून एक दोर करायला सांगितला. एक पेड मोठ्या बाबांचा, एक नायकिणीचा, एक माझा. तिघांनी आपापला वाख मांडीवर वळला, पेड आकड्याला अडकवले, आणि गुरुजींनी मूठ फिरवायला सुरुवात केली. हातभर दोर बरा झाला असेल नसेल, मधला एक पेड पिंजारायला लागला. मूठ जसजशी फिरे तसतसा तो सुटे. शेवटी दोन पेडांच्या मध्ये गोसाव्याची जटा दिसायला लागली.

गुरुजींनी थांबवून दोर पाहिला. म्हणाले, वाख ओला आहे. कोरडा वाख आणला, पुन्हा तेच. मग म्हणाले, आकड्याला गंज असावा. आकडा राखेनं घासला. पुन्हा जटा. मग त्यांनी चाकाचा आस काढून पाहिला, पाचर ठोकली, आणि सगळं झाल्यावर म्हणाले की शाळेची पडवीच उतरती आहे. एकोणीस माणसं, त्यात माझे सख्खे मोठे बाबा, गंभीर चेहऱ्यानं पडवीचा उतार पाहायला लागली. एकानं तर लोटाभर पाणी ओतून दाखवलं, आणि पाणी खरंच वाहिलं.

"चाकाले कायले दोष देता, गुरुजी?" नायकीण बसल्या जागेवरून म्हणाली. "पोरीचा हात पाहा की."

सगळ्यांनी माझा हात पाहिला. डावा. वाख अजून त्याच्याखालीच होता. मग जे हसले! मोठे बाबा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. डाव्या हातानं वळलं की पीळ उलटा पडतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन पेड एकीकडे पिळलेले आणि एक दुसरीकडे, मग मूठ फिरली की दोन आवळणार आणि तिसरा सुटणार. मला मात्र त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मी लाजले नाही, मला राग आला. म्हटलं, "हसा. पडवीचा उतार पाहून राहिले होते तेव्हा कोन हसलं?"

"शास्त्रीय पद्धत उजव्या हाताची असते," गुरुजी म्हणाले. झालं! पुढचे आठ दिवस मी उजव्या हातानं वळलं. काय सांगू? कुठं सुतासारखा बारीक, कुठं सापानं उंदीर गिळल्यासारखा फुगलेला. आठव्या दिवशी मोठ्या बाबांनी तो दोर खांबाला बांधला आणि म्हणाले, "बैलाच्या ताकदीनं वढून पाहातो, नाराज होऊ नोको." बैलाच्या ताकदीनं ओढला, तो मधून तुटला, आणि मोठे बाबा सगळ्या वर्गादेखत पडवीवरून चिखलात बसले. मी नाराज झाले नाही. अजिबात नाही.

पण घरी आल्यावर रडले. पोळ्याला चौदा दिवस राहिले होते आणि माझ्या हातून बकरी बांधायचाही दोर होत नव्हता. बाबा गोठ्यात होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी बैलांना चारा टाकायला नेहमीपेक्षा फार उशीर लावला.

दुसऱ्या दिवशी नायकिणीनं मला पडवीच्या टोकाला बोलावलं. "छोरी, तिन्ही पेड तूच वळ ना. डाव्यानं. तिन्ही उलटे, मंग कोन सुटते?"

इतकी साधी गोष्ट! तिन्ही पेड मी वळले, माझ्या हातानं, जसे येतात तसे. यंत्राला लावले आणि गुरुजी मूठ फिरवायला लागले, तर तिन्ही सुटायला लागले. "बघा," गुरुजी म्हणाले. मी त्यांच्या हातातून मूठ घेतली आणि उलटी फिरवली. दोर असा बसला, असा बसला की विचारू नका. गुरुजी म्हणाले, हे यंत्र उलटं फिरवण्यासाठी बनवलेलं नाही. नायकीण म्हणाली, "त्याले कोनी सांगतलं नसन." महिन्याच्या शेवटी गुरुजींनी जो अहवाल लिहिला, त्यात 'उलट्या पिळाचा यशस्वी प्रयोग' त्यांनी स्वतःच्या नावावर टाकला असं ग्रामसेवकानं आम्हाला नंतर सांगितलं. असो. माणूस वाईट नव्हता.

नायकीण मला रोज एक नवी गोष्ट सांगायची. वाख किती ओला करायचा, नवा पुंजका जुन्यात कुठं मिसळायचा, पेड सारखा आहे की नाही ते डोळे मिटून कसं पाहायचं. लादणीच्या काळात, म्हणाली, बैलाच्या एका अंगाला उजव्या पिळाचा दोर अन् दुसऱ्या अंगाला डाव्या पिळाचा. दोन्ही एकाच पिळाचे असले तर चालता चालता ओझं एकीकडे फिरते. "डेबऱ्या बाईले आमच्यात लोक शोधत येत. माही सासू डेबरी होती. लय खाष्ट म्हातारी! पन तिचा दोर बैल मेला तरी तुटे नाही." मला खाष्ट सासूच्या रांगेत बसवल्याचा आनंदच झाला. पोळ्याला दोन दिवस उरले तेव्हा माझा कासरा पुरा झाला. मोठ्या बाबांनी तो खांबाला बांधून दोनदा ओढला, या वेळी पाय रोवून. तुटला नाही.

तोवर पोरीचा खेळ म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. आता तो हातात घेऊन पीळ पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. थट्टा करायला ते कधी कमी पडायचे नाहीत, पण तेव्हा हळूच म्हणाले, "बेटा, हे बैलाले नोको लावू. डावा पीळ मैताचा असते."

आमच्याकडे तिरडी बांधायची सुतळी उलटी वळतात, हे खरं होतं. पण पंधरा वर्षांच्या पोरीला ते कोण सांगणार? तोवर आमच्या घरात कोणी गेलंही नव्हतं. मोठे बाबा खोटं बोलत नव्हते, भ्यालेले होते. त्यामुळे मला त्यांच्यावर रागवताही येईना, आणि रागवता आलं नाही की माझं डोकं दुखतं, अजूनही.

गावात गोष्ट पसरायला विहिरीवरची एक फेरी पुरली. माय घरी आली ती कपाळाला हात लावूनच. "पोळ्याच्या दिवशी बैलाईच्या अंगावर मैताचा दोर? लोकं शेन घालतीन तोंडात!" तिनं कासरा पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या आढ्यावर टाकला. मी म्हटलं, तांड्यावर तर चालते. माय म्हणाली, मग तांड्यावर जाऊन पोळा कर. बाबा तिथंच बसले होते. त्यांनी मला एकच विचारलं.

"तुटन का व?"

"नाही."

"बरं," म्हणाले, आणि उठून वावरात गेले. माझा बाप तोंडाचा इतका गरीब होता की त्याच्या पोटातलं कळायला आम्हाला अंदाजच बांधावे लागत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात. मी चोळत होते, तर अंगणात मोठे बाबा उभे. हातात नवा कासरा. दरसालसारखाच आवळ, दरसालसारखाच गोरा. "ठेव गा," ते म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तीन बोटांनी कासरा घेतला, खुंटीला टांगला आणि म्हणाले, "बस, चहा घे." मोठे बाबा बसले, त्यांनी चहा घेतला, आणि मी घरात जाऊन भांडी अशी घासली की एका पातेल्याला पोचा पडला. एवढा महिना मी कशासाठी मांड्या सोलून घेतल्या होत्या? बाबांनी पुन्हा तेच हसणं हसावं म्हणून?

पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्ही पोरी मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसलो. मी जाणारच नव्हते, धाकट्या बहिणीनं ओढून नेलं. एकेक जोडी यायला लागली. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरं. मी बैलांकडे पाहतच नव्हते, कासरेच पाहत होते. नवा दोर दुरूनही वाचता येतो. पिळाच्या सगळ्या रेघा एकीकडे झुकलेल्या असतात. ही जोडी उजवी, ही उजवी, ही उजवी. मग आमची जोडी आली, आणि रेघा दुसरीकडे झुकलेल्या. मी बहिणीचा हात इतक्या जोरानं दाबला की ती ओरडली.

बाबांनी तो आढ्यावरून केव्हा काढला, मायला काय सांगितलं, मला आजतागायत माहीत नाही. मोठ्या बाबांची जोडी आमच्या शेजारीच उभी होती. त्यांनी कासरा पाहिला, बाबांकडे पाहिलं, पुन्हा कासरा पाहिला. ते काही बोलायच्या आत मागून कोणीतरी झडती टाकलीच:

वाखाचा दोर, उलटा पीळ,
कोनं घातली बैलाले खीळ?
पोळा हाये का मैत रे भाऊ,
पुरनपोळी का पिंड खाऊ!

सगळी गर्दी हसली, महादेवाचा गजर झाला, डफडी वाजली. चांगली जमली होती झडती, मला आज कबूल करायला हरकत नाही. त्या दिवशी मात्र खाली उतरून त्या माणसाला चावावं असं वाटत होतं. गजर थांबल्यावर सगळे बाबांकडे पाहायला लागले. झडतीला झडतीनं उत्तर द्यायचं असतं, आणि माझ्या बापाला जन्मात यमक जुळवता आलं नव्हतं.

"मैताचाच हाये," बाबा म्हणाले.

हसणं थांबलं.

"मी मेलो का मले यानंच बांधजा. माह्या पोरीनं वळला हाये. पन मी आज काही मरून नाही राह्यलो. तवरोक माहे बैल बांधतो."

इतकं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते ओट्यावर सगळ्यांसमोर रडले, लाजलेबिजले नाही. कोणी झडती म्हणायला पुढं आलं नाही. मग डफडं वाजवणाऱ्यालाच ती शांतता सहन झाली नसावी, त्यानं एकदम जोरात थाप मारली. आमचा डावा बैल बिचकला, त्यानं मान झटकली आणि वेसणीजवळची कासऱ्याची गाठ सरकली. दोर नाही, गाठ. बाबा ती आवळायला लागले. पण गाठ आवळायलाही अंगठा लागतो. एकदा सुटली, दोनदा सुटली. बैल मान झटकतोय, सगळं गाव पाहतंय, आणि मी ओट्यावर. बायांनी तोरणाखाली जायचं नसतं.

मोठे बाबा आपली जोडी मुलाच्या हाती देऊन पुढं आले. "सोड," म्हणाले, "तुह्यानं नाही बसत थे." आणि दोराचं टोक धरलं.

बाबांनी सोडलं नाही. दोघं भाऊ एकाच दोराचं टोक धरून बैलाच्या तोंडापाशी उभे.

"दोर कोनाचा हाये?" बाबांनी विचारलं.

मोठे बाबा त्यांच्या तीन बोटांकडे पाहत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "तुह्या घरचा."

"मंग मार गाठ," बाबा म्हणाले, आणि टोक त्यांच्या हातात दिलं.